सरकीचा कापूस

लकव्यानं शकुनबाईंचा उजवा हात गेला, तेव्हा अकोटजवळच्या त्या गावाला पहिली काळजी पडली ती त्यांच्या जिभेची. जीभ शाबूत होती. अकोल्याच्या दवाखान्यातून परतताना त्यांनी गाडीवाल्याला खड्ड्यांवरून असं काही सुनावलं की गाव निश्चिंत झालं.

हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा. डाव्या हातानं जेवणं शकुनबाईंना मंजूर नव्हतं. "डाव्या हाताचा घास माह्या घशाखाली उतरत नाई," म्हणून त्या तोंड फिरवायच्या. मग सून रागिणी समोर बसून वरणात भाकर कुस्करायची आणि त्यांना भरवायची. बोलण्यात कधी कोणाला हार न गेलेली ती बाई घास घेताना डोळे मिटून घ्यायची, आणि ते रागिणीला बघवत नसे. यांना एकदा तरी आपल्या हातानं जेवताना पाहू दे, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

डॉक्टरांनी एक मऊ चेंडू दिला होता. रोज न चुकता दाबा, बोटं वापराल तरच ती परत येतील, असं बजावलं होतं. 'रोज न चुकता' हे शकुनबाईंना पटलं, चेंडू काही पटला नाही. "मी काय लेकरू हाओ?" म्हणत तो त्यांनी नातीला, आचलला, देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, अंगणातल्या उन्हात पोतं टाकून त्या शेतातला कापूस घेऊन बसल्या. देवाच्या वातींसाठी कापसातलं बी, म्हणजे सरकी, बोटांनी ओढून काढायची, हे लहानपणापासूनचं काम. डाव्या हातानं उजव्याच्या चिमटीत कापूस ठेवायचा. तो पडायचा. परत ठेवायचा, परत पडायचा. ऊन ओट्यावर चढलं की उठायचं आणि चहा मागायचा.

रागिणी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत राही. थंडी आली, पाहुणे आले, एकदा ताप आला, पण ते पोतं काही चुकलं नाही. आणि जरा भाजी करपली तर घर डोक्यावर घेणारी ही बाई एकही सरकी न निघालेल्या सकाळीसुद्धा गुमान उठायची, कापूस झटकायची, उद्यासाठी ठेवून द्यायची. एवढा धीर यांनी आजवर लपवला होता तरी कुठे, याचं रागिणीला रोज नव्यानं नवल वाटे.

मुलगा गोपाल अकोटच्या जिनिंग कारखान्यात कामाला. आईचे हाल बघून त्याचा जीव तुटायचा. एके दिवशी तो पिशवीभर पांढरीशुभ्र रुई घेऊन आला, सरकी आधीच निघालेली.

"माय, आता ओढाताणीची कटकट नाई. बसल्या बसल्या नुसत्या वाती वळ."

शकुनबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "अन् सरकी कुठी हाय?"

"मशीननं काढली नं."

"मंग मशीनचाच हात बरा झाला असन. बाबू, मले वाती नाई पायजे, सरकी पायजे. तिच्याशीच त झगडून राहिली मी. याची उशी कर अन् तू झोप."

गोपालचा चेहरा एवढासा झाला. रागिणीला हसू आलं, आणि मग एकाएकी सगळं कळलंही. दुसऱ्या दिवसापासून शेतातला, सरकी घट्ट धरून असलेला कापूस ती स्वतःच निवडून पोत्यावर ठेवू लागली.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. रागिणी कणीक मळत होती आणि अंगणात, सरकीसाठी ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत टक्कन काहीतरी पडलं. ती धावत दारात आली. वाटीत एक सरकी होती. शकुनबाईंनी त्या सरकीकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढचा कापूस उचलला.

पुढे वाटीत सरक्या जमू लागल्या. आणि एका दुपारी रागिणीनं नेहमीसारखी भाकर कुस्करून घास उचलला, तेव्हा शकुनबाई म्हणाल्या, "थांब."

उजवा हात मांडीवरून उठला. ताटाशी आला. बोटं थरथरत होती, वरण सांडत होतं, तरी घास चिमटीत राहिला. हात वर आला, पण शकुनबाईंच्या तोंडाकडे वळलाच नाही. तो रागिणीच्या ओठांशी येऊन थांबला.

"मले भरवता भरवता तुही भाकर रोज थंडी झाली. घे."

रागिणीनं तोंड उघडलं. निम्मा घास तिच्या पदरावर सांडला, आणि तिला रडू आवरेना.

दुसरा घास शकुनबाईंनी स्वतः खाल्ला, डोळे उघडे ठेवून.