बाबा दुबईला गेले नव्हते

९ फेब्रुवारी २००३, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. वेंगुर्ल्याहून दाबोळी विमानतळाकडे निघालेल्या आमच्या जीपमध्ये मी मागच्या सीटवर बसले होते. पुढच्या सीटवर गोव्याच्या गिऱ्हाइकाला द्यायचे काजूगराचे दोन डबे होते. बाबांचं म्हणणं असं, की डबे हिंदकळले तर गर तुटतो, मुली तुटत नाहीत. कारखान्याचा बॉयलर नुकताच पेटवला होता. फाटकाशी उभी असलेली आई धुरामुळे डोळे पुसते आहे, असं आम्ही तिघांनीही मानून घेतलं.

पेडणे मागे पडलं. मग बाबा आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोणी विचारल्यान खंयसून इलंस, तर कोकणातून म्हण. फुडचा आपणहून सांगूचा नाय."

परदेशी निघालेल्या मुलीला बाप जी सावधगिरी सांगतो, तीच ही असावी, असं मला वाटलं. प्रत्यक्षात तो आमच्या धंद्याचा नियम होता आणि बाबांनी तो मला वारशासारखा दिला होता.

तिकडे राहिलेल्यांना हे ठाऊक आहे. माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी, आणि त्यांच्या मराठी समजणाऱ्या पण इंग्रजीत उत्तर देणाऱ्या मुलांसाठी, थोडं स्पष्ट करते. कोकणातला काजू उन्हाळ्यात येतो आणि पावसाआधी संपतो. कारखान्याला मात्र वर्षभर बी लागते. ती पश्चिम आफ्रिकेतून येते. पण कोणत्या देशातून, कोणत्या बंदरातून, कोणत्या दलालाकडून, हे कोणी कोणाला सांगत नाही. एकाला चांगला मुलूख सापडला, की पुढच्या हंगामात अर्धा तालुका तिथे उतरतो आणि भाव चढतो. म्हणून आमच्याकडचा प्रत्येक काजूवाला हंगामात "मुंबईला" गेलेला असतो. अलीकडे तो "दुबईला" जातो. मी शाळेत असताना बाबा महिना महिना मुंबईला असत, आणि परत येताना मुंबईत न मिळणाऱ्या गोष्टी आणत. मी विचारत नसे. आमच्या घरात न विचारणं हा शिष्टाचार होता.

इथे येऊन मी नेमका उलटा शिष्टाचार शिकले. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआत भाड्याची खोली घेतली, शिक्षण पुरं केलं आणि जवळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासू लागले. इथे नमुना कुठून आला, कोणी घेतला, केव्हा घेतला, हे लिहिलेलं नसेल तर तो टाकून देतात. माझ्या वरिष्ठ बाईंचं नाव हिने: माओरी, पन्नाशीची, थंडीतही जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कामावर येणारी. पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितलं, "नाव नसलेली ट्यूब म्हणजे नुसती लाल शाई, लव्ह." मला हे फार आवडलं. ज्या जगात प्रत्येक गोष्टीचं मूळ विचारता येतं, तिथे मी सुरक्षित होते, असं वाटलं. दर रविवारी कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, फोनकार्ड आणून घरी बोलायचे. आई हवा सांगायची, बाबा "सगळा बरा" सांगायचे.

२००६ च्या इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, आई माझ्याकडे राहायला आली. काही आठवड्यांनी बाबा आले, "दुबईची कामं उरकून, तिथूनच सरळ." वेलिंग्टन विमानतळावर ते मला लहान झालेले दिसले. थंडी असेल, प्रवास असेल, असं कारण मी स्वतःला दिलं. चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला. मी त्यांना क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गेल्या काही महिन्यांत कुठे कुठे प्रवास झाला?

"दुबई," बाबा म्हणाले. "ओन्ली दुबई."

इथे तेव्हा फ्लूची साथ होती. त्यांनी विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल सांगितलं. त्यांची काहीही चूक नव्हती. त्यांच्या हाती दिलेली माहितीच चुकीची होती.

पुढचे दोन दिवस मी एक गोष्ट पाहत होते आणि तिला नाव द्यायला घाबरत होते. ताप चढायचा, दात वाजेपर्यंत थंडी भरायची, मग घामाने चादर भिजायची आणि बाबा उठून चहा मागायचे. हिटर सुरू, वर दोन रजया, आणि तरी त्यांचा पलंग हलताना ऐकू यायचा. तिसऱ्या दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. वाटी धरायला त्यांनी हात पुढे केला आणि मला त्यांची बोटं दिसली. अंगठा आणि तर्जनी काळी पडली होती, टोकांची साल निघत होती.

ओली काजूबी कापली की टरफलातला चीक बोटांना लागतो. तो कातडी जाळतो, डाग काही आठवडे जात नाही. गर कसा निघतो हे पाहण्यासाठी खरेदीदार पोत्यातून मूठभर बिया काढून स्वतःच्या हाताने कापतो. दुबईत काजूची झाडं नाहीत, आणि दुबईच्या ऑफिसात बसलेला दलाल कोणाला बिया कापायला लावत नाही.

"बाबा, बिया कुठे कापल्यात?"

त्यांनी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर पाहू लागली.

"कोणीतरी नमुने आणल्यानी होते," बाबा म्हणाले. "तू कित्याक विचारतंस?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली आणि गाडीची किल्ली घेतली. रुग्णालयाच्या त्या वीस मिनिटांच्या रस्त्यावर मला पहिल्यांदा कळलं, की भीतीला चव असते. जिभेखाली पैसा ठेवल्यासारखी. मला पुस्तकातली पानं आठवत होती, आणि आठवणारं प्रत्येक वाक्य वाईट होतं. आफ्रिकेतला मलेरिया आमच्याकडच्या हिवतापासारखा नसतो. तो मेंदूत जातो, मूत्रपिंडं बंद पाडतो, आणि उशीर त्याच्या बाजूने असतो. मागच्या सीटवर आई बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला माहीत होतं. तिला नेहमीच माहीत असायचं. ती फक्त एवढंच म्हणाली, "धंद्यातलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून गप्प होते गं."

आपत्कालीन विभागात जे तरुण डॉक्टर आले त्यांच्या कोटावर "परब" असं लिहिलं होतं. दुसऱ्या एखाद्या मुलीला तो देवाचा हात वाटला असता. मला माझ्या वडिलांची हालचाल थांबलेली दिसली. एकशे चार ताप असलेला माणूस कोपरावर उठला आणि शुद्ध, सभ्य आवाजात म्हणाला, "तुमी खंयचे?"

"कुडाळचो, काका."

झालं. कुडाळात काजूचे कारखाने आहेत. बाबा उशीवर परत टेकले आणि त्यांनी तोंड मिटलं.

"काका, आफ्रिकेत खंय गेल्लात?" डॉक्टरांनी विचारलं; माझा संशय मी त्यांना दारातच सांगितला होता.

"दुबई."

डॉ. परबांनी त्यांचा हात हातात घेतला, उलटा केला, बोटं पाहिली. कुडाळच्या माणसाला ती बोटं समजावून सांगावी लागत नाहीत. "काका," ते म्हणाले, "ह्यो चीक दुबईचो नाय."

बाबांनी हात मागे ओढून घेतला.

"माझो बापूस शाळामास्तर. आमचो कारखानो नाय, सासरचो नाय, मामाचोय नाय. मी ह्या कोणाक सांगूचंय नाय. पण माका आता कळूक होया."

बाबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं त्यांची शुद्ध गेली. पण ते हिशेब करत होते. मला तो चेहरा ओळखता येतो. मग ओठ हलले. "बिसाव."

गिनी-बिसाव, पश्चिम आफ्रिकेतला एक छोटा देश. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की माझी शाळेची फी, माझं विमानाचं तिकीट, हे सगळं कुठून आलं होतं.

त्यांचं रक्त आमच्याच प्रयोगशाळेत आलं. हिनेने मला दारातच अडवलं. "तू स्लाइडला हात लावायचा नाहीस. बघायचं असेल तर माझ्यानंतर." तिने पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि उठून मला खुर्ची दिली. तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या होत्या, मलेरियाच्या जंतूंच्या. काही पेशींत दोन दोन. अशा अंगठ्या मी परीक्षेत ओळखल्या होत्या, आणि त्या दिसल्यावर मला गुण मिळाले होते. शंभरांतल्या सहा पेशी. दुसऱ्या सकाळी, क्विनाइनची सलाइन सुरू असतानाही, आठ. सुरुवातीला आकडा वाढू शकतो, हे मला माहीत होतं. माहीत असण्याचा त्या सकाळी काहीही उपयोग झाला नाही. मी प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले, आणि बाहेर आल्यावर हिनेने मला इतरांचे नमुने दिले, भरपूर दिले. "हीप्स आहेत आज," ट्यूबच्या ढिगाकडे बोट दाखवत ती म्हणाली. तिच्या दयेची ती पद्धत होती.

क्विनाइनने कान गुणगुणतात. त्या गुणगुणीत बाबा बोलू लागले, आधी आईशी, मग माझ्याशी, आणि एकदा गाठ सुटल्यावर ते थांबेनात. बिसावमध्ये निर्यात करण्यासारखं काजूखेरीज जवळजवळ काही नाही. बी फोडायचे कारखाने तिथे नावापुरते. सगळी कच्चीच जहाजात भरली जाते आणि आमच्याकडे येते. गावातली माणसं भात लावायची कमी झाली, कारण काजूच्या बदल्यात तांदूळ मिळतो. व्यापारी तांदळाचं पोतं उतरवतो आणि काजूचं पोतं उचलतो. त्या वर्षी तिथल्या सरकारने शेतकऱ्यांचं भलं व्हावं म्हणून काजूचा भाव चढा ठरवला. व्यापाऱ्यांनी तो दिला नाही. बी घरात पडून राहिली, तांदूळ आला नाही आणि पाऊस तोंडावर आला.

"घरात पोती रचलेली," बाबा म्हणाले, "आणि चुलीवर काय नाय. काजू खावन कोणाचा पोट भरता?"

ते भाव उतरण्याची वाट पाहत एका गावात थांबले. मच्छरदाणी नव्हती. मी विचारलं, का थांबलात? ते म्हणाले, सगळेच थांबले होते. मग जरा वेळाने: "जो आदी घेता, तो मूर्ख ठरता." त्या वाक्यात अपराध होता की फक्त अनुभव, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी त्यांची मुलगी आहे. ते जितके दिवस थांबले, तितके दिवस ते गाव उपाशी थांबलं, आणि तेवढ्याच दिवसांत कधीतरी त्यांना तो डास चावला. ह्या दोन वाक्यांना जोडणारा न्याय वगैरे काही नाही, हे मी जाणते. तरीही ती मला वेगवेगळी मांडता येत नाहीत.

इथे, माझ्या खिडकीबाहेरच्या देशात, दूध कच्चं परदेशी जात नाही. त्याची पावडर होते, चीज होतं, प्रत्येक खेपेची तपासणी होते, आणि मोल इथेच वाढतं. बिसाव बी विकतं, गर आम्ही विकतो. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, असं मला शिकवलं गेलं. तिथे एक अख्खा देश एका झाडावर उभा आहे, त्या देशावर आमचा कारखाना, कारखान्यावर बिया फोडणाऱ्या बायका, आणि ह्या सगळ्याच्या टोकाला मी, जँडल्स आणि डेअरी असे शब्द सहज वापरणारी, सुरक्षित.

आकडा उतरला. आठाचे तीन झाले, तिनाचा एक, आणि मग एके दुपारी एकही अंगठी न सापडल्यावर हिनेने खुशीत मान हलवून "स्वीट अ‍ॅज" म्हटलं. डॉ. परब निरोप द्यायला आले तेव्हा बाबांनी त्यांना काजूगर पाठवण्याचं वचन दिलं आणि लगेच विचारलं, सासर नक्की कुठलं?

ते परत जाणार नाहीत, असं मी गृहीत धरलं होतं. ह्या वर्षी मार्चमध्ये आईचा फोन आला. "बाबा पुढच्या महिन्यात निघतात." कुठे, हे तिने ह्या वेळी सांगितलं. मी चिडले, मग रडले, मग कामाला लागले. गोळ्या, मच्छरदाणी आणि सेल्सिअसमध्ये मोजणारा, सदतीसच्या आत म्हणजे ताप नाही असा, डिजिटल थर्मामीटर, हे सगळं कुरिअरने वेंगुर्ल्याला पाठवलं. बाबांशी करार केला: रोज फोन, रोज ताप मोजून सांगायचा. ते हसले नाहीत. कोणत्या गावात उतरलेत तेही त्यांनी मला सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्यांत काजूवाले असतील.

मी पोरिरुआत घर घेण्याच्या विचारात आहे. लोक विचारतात, आता घर कोणतं? पूर्वी मी वेंगुर्ल्याचं वर्णन करायचे. आता मला वाटतं, ज्या ठिकाणच्या माणसाचा आकडा मी स्वतः मोजू शकत नाही आणि तरी दिवसभर त्याची वाट पाहते, ते घर. ह्या हंगामापुरतं ते बिसावजवळच्या एका गावात आहे, जिथे मी कधी गेले नाही, आणि जिथे पाऊस आता कधीही सुरू होईल.

पहिल्या आठवड्यात बाबांचे आकडे खालीवर होत होते, जसे जिवंत शरीराचे होतात. सकाळी कमी, संध्याकाळी थोडे जास्त. गेले काही दिवस ते फोनवर लवकर बोलून टाकतात आणि आकडा बदलत नाही. मी विचारलं, "थर्मामीटर चालतो ना?" म्हणाले, "चालता गो." मागे कोणीतरी खोकत होतं, किंवा तेच खोकले. रोज तोच आकडा कोणत्याही माणसाच्या अंगात राहत नाही, हे मला माहीत आहे. व्यापारी गिऱ्हाइकाला भाव सांगतो तशा आवाजात, काल त्यांनी तो पुन्हा सांगितला आणि मी तो लिहून घेतला: छत्तीस पूर्णांक आठ.