काकूंना हवा होता तो फोटो

कल्याणात पारनाक्याच्या आतल्या बाजूला आमची गल्ली आहे. ‘आमची’ म्हणायची नुसती सवय राहिलीय. लग्न झाल्यावर मी डोंबिवलीला राहायला गेलो त्याला जमाना झाला. तिथे माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, बारशी, साखरपुडे, आणि हल्ली डोहाळजेवणंसुद्धा. इतकी वर्षं लोकांना ‘जरा हसा’ म्हणून सांगितल्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा कंटाळा येतो. मला तर पुरता आलाय. डोळे लवकर दुखतात, खाली बसताना गुडघा कुरकुरतो, आणि घरात कुणाचा वाढदिवस असला तरी कॅमेरा कपाटातून काढावासा वाटत नाही.

तरीही गल्लीला नोटीस लागली, घरं खाली करून नवीन इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा मी रिकाम्या रविवारी कॅमेरा घेऊन तिथे जायला लागलो. हे फोटो कुणी सांगितलेले नव्हते. त्यांत कुणी हसायची गरज नव्हती. खिडकीतून दोरीने खाली सोडलेली पिशवी, नळावर भांडणाऱ्या बायका, दारात आरसा टेकवून दाढी करत बसलेला माणूस, असलं काहीतरी मला हवं होतं. कुणाचं लक्ष नसताना टिपलेलं.

पण ज्या गल्लीत तुम्ही लहानपणी चड्डीवर फिरलात, तिथे तुमच्याकडे कुणाचं लक्ष नाही असं व्हायचंच नाही. मी कॅमेरा वर केला की दाढी करणारा माणूस तोंडावरचा साबण पुसून, शर्ट घालून हजर. “थांब रे, साडी बदलून येते,” असं ओरडून नळावरची बाई आत पळायची आणि जिच्याशी भांडत होती तिलाच बरोबर घेऊन, पावडर लावून बाहेर यायची. “पिशवी नको घेऊस फोटोत, फाटलीय,” असं वरून फर्मान यायचं. त्यात गल्ली इतकी अरुंद की दोन पावलं मागे गेलं की पाठ समोरच्या भिंतीला. रुंद लेन्स लावली तर कडेला उभी असलेली माणसं फुगलेली दिसायची, आणि मग ‘मी काय एवढी जाडी आहे का?’ हे ऐकून घ्यायचं. आठवडाभर जे करून वैतागायचो तेच रविवारी येऊन हौसेने करत होतो. मला माझाच राग यायचा.

अशाच एका रविवारी काकूंनी हाक मारली. काकू म्हणजे आमच्या जुन्या खोलीसमोरच्या. माझी आई नोकरीला जायची, त्यामुळे शाळेतून आलो की मी त्यांच्याकडेच जेवायचो, त्यांच्या दोन मुलांच्या पंगतीत. ते दोघे अजून त्याच घरात आहेत. थोरला वर राहतो, धाकटा खाली, आणि काकू धाकट्याकडे. धाकट्याने पाण्याला मोटर लावली, वर पाणी चढेनासं झालं, त्यावरून जे भांडण झालं ते कायमचं. तेव्हापासून एक जिना उतरत असला की दुसरा तो जाईपर्यंत दाराच्या आत थांबतो. आता घरं खाली करायची म्हणून थोरल्याने ठाण्याला कोपरीत जागा भाड्याने बघितली होती आणि धाकट्याने विठ्ठलवाडीला. काकूंनी थोडे दिवस इकडे, थोडे दिवस तिकडे राहायचं, असं ठरलं होतं. म्हणजे दोघांनी आपापल्या बायकांमार्फत ठरवलं होतं.

“मला एक फोटो काढून दे,” काकू म्हणाल्या. “मधे मी, दोन बाजूंना दोघं, आणि मागे आपलं दार. बाकी काही नको मला.”

मी वर गेलो. थोरला म्हणाला, “आईसोबत किती पण काढ. त्याच्यासोबत मी उभा नाय राहणार, आधीच सांगून ठेवतो.” खाली आलो. धाकटा म्हणाला, “त्याला आधी खाली येऊ दे, मग बघू.” परत वर गेलो. “मी का आधी जाऊ? मोठा कोण आहे?” शेवटी माझ्या गुडघ्याने हात टेकले. पन्नाशीच्या पुढची दोन माणसं, आणि आईच्या शेजारी घटकाभर उभं राहायला तयार नाहीत. दोघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण मी काय, फोटो काढणारा. जिन्याच्या तळाशी बसून राहिलो.

काकू बाहेर आल्या. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. म्हणाल्या, “मग वेगवेगळे काढ आणि जोड. पुतणीच्या लग्नात उशिरा आलेल्या जावयाला मागाहून रांगेत नाही का घातलंस?”

घातलं होतं. तेच तर करतो मी रोज.

धाकटा नाक्यावर जाऊन थांबला तेव्हा थोरला इस्त्रीचा शर्ट घालून खाली आला. तो चांगला उंच. काकूंनी त्याचा दंड धरला आणि मान वर करून काहीतरी विचारलं, जेवलास का असंच असणार. मी बटण दाबलं. मग तो वर गेला, धाकटा आला. काकू त्याची कॉलर सारखी करायला लागल्या आणि तोही लहान मुलासारखा मान वाकवून उभा राहिला. तेव्हाही मी बटण दाबलं. दोन्ही वेळा कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. इतके रविवार मी ज्याच्या मागे होतो ते मला एका दुपारी दोनदा मिळालं, आणि घरी जाताना मी चक्क खूश होतो.

ती खुशी कॉम्प्युटरसमोर बसेपर्यंत टिकली. दार तेच होतं, ऊनही तेच, जोडायला काही कठीण नव्हतं. पण काकू तर दोन होत्या आणि ठेवायची एकच. थोरल्याकडे बघणाऱ्या काकू ठेवल्या, तर धाकटा बाजूला उगाचच मान वाकवून उभा, आणि त्याच्या कॉलरला हात नाही. धाकट्याच्या काकू ठेवल्या, तर थोरला कोपर थोडं बाहेर काढून उभा, आणि दंडाला कुणी धरलेलं नाही. काहीही करा, त्या एकाच्याच आई व्हायच्या. लग्नाचे अल्बम बाजूला ठेवून मी कितीतरी संध्याकाळी त्यावर डोळे फोडले. शेवटी तिसऱ्याच एका फोटोतला चेहरा घेतला. मला “झालं का रे?” विचारताना त्यांनी समोर बघितलं होतं, तो. हात खाली सोडलेले घेतले. थोरल्याचं कोपर सरळ केलं, धाकट्याची मान सरळ केली. तिघं जण दारासमोर नीट उभे. धंद्याच्या हिशेबाने काम चोख होतं. कुठे जोडलंय ते कुणी शोधून दाखवावं.

मोठा करून, फ्रेम करून नेला. घरात अर्धं सामान बांधलेलं होतं. काकूंनी एका खोक्यावर बसून चष्मा लावला आणि फोटो मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

“मी कुणाकडे बघतेय रे?” त्यांनी विचारलं.

“समोर, काकू.”

“समोर तर तू होतास.”

 तेवढ्यात धाकटा आतून आला आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. मला वाटलं, आता चिडेल. तो फोटोच्या जवळ गेला, आणखी जवळ गेला. “दादा किती वाळलाय गं,” तो म्हणाला.

“वर राहतो तो,” काकू म्हणाल्या. “जा, जिना चढून बघून ये.”

 तो सुतळी शोधायला आत गेला. काकूंनी पदराने फ्रेमची काच पुसली, उगाचच, काच स्वच्छच होती.

“तुला जमलं रे,” त्या म्हणाल्या. “माझ्याच्याने नाही झालं.”

मला फार थकल्यासारखं झालं. चहा नको म्हणून मी उठलो.

पुढच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी दोन टेम्पो लागायचे होते, एक कोपरीचा, एक विठ्ठलवाडीचा. सगळ्यांनी आग्रहाने सांगितलं होतं, ये, निघतानाचे फोटो काढ. मला काही काम नव्हतं. मी गेलो नाही. काकू कुठल्या टेम्पोत बसतात ते मला बघायचं नव्हतं.