एसीतली गादी

दुकानदाराने फोमच्या गादीत पंजा दाबून उचलला. उमटलेला खड्डा सावकाश, निर्लज्जपणे भरून आला. मला त्या गादीचा रागच आला. आमच्या रत्नागिरीच्या दमट उकाड्यात ही पाठीला चिकटणार, आणि हा गृहस्थ ती गारेगार एसीत विकतोय!

“आधी एसी बंद करा, मग ठरवू,” मी म्हणालो.

“काका, खरी मजा वेगळीच आहे. काकूंनी कितीही कूस बदलली तरी तुम्हाला कळणार नाही.”

बायको गादीवर आडवी झाली होती. “तसंही ह्यांना कुठे कळतं!”

दुकानदार हसला. शेजारच्याचं दुःख कळू नये, ही सोय माणसाला केवढी हवीशी असते! मी तर ती फुकटच वापरत आलोय. मुलाला मी घराबाहेर काढल्यापासून ही रात्रभर तळमळते. कापसाच्या गादीतून तिची प्रत्येक हालचाल माझ्यापर्यंत पोचते आणि मी भिंतीकडे तोंड करून घोरण्याचं सोंग करतो.

“कळतं मला,” मी म्हणालो. “रोज कळतं.”

ती उठली नाही. छताकडे बघतच म्हणाली, “मग लावा त्याला फोन.”