पिवळीचा डोळा

लोकांच्या सुना लग्नात कपाट आणतात, शिलाई मशीन आणतात. माझ्या सुनेने मासे आणले. तेही जिवंत. माणगावहून टेम्पो आला, त्यातून आधी गाद्या उतरल्या, मग भांडी, मग एक भलीमोठी काचेची पेटी. शेवटी पाण्याने भरलेलं एक झाकलेलं पिंप ती स्वतः असं जपून उतरवायला लागली, की मला वाटलं, बाईने देव आणलेत माहेरचे. झाकण उघडून बघते तर आत निळे-पिवळे मासे, बोटाएवढे. आता मी कोळीवाड्यातली बाई. बाप बोटीवर होता, नवरा बोटीवर आहे. माझा दिवस सकाळी जेटीवरच्या लिलावात सुरू होतो आणि घरासमोरच्या ओट्यावर बांगडे-बोंबील विकून संपतो. माझ्या घरात मासे! मी सगळ्यांसमोर म्हटलं, "पोरी, आमच्याकडं मासळी कमी पडल असं वाटलं व्हय तुला?" वऱ्हाडी पोट धरून हसले. ती काही हसली नाही.

पेटी बाहेरच्या खोलीत बसली, दारासमोर. हे मासे आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले, त्यांना सिक्लिड म्हणतात, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, असतील. कालवणाच्या कामाचे नाहीत एवढं मला दिसत होतं.

सून शिकलेली, माणगावात औषधांच्या दुकानात कामाला होती. पण घरात आल्यापासून तिच्या तोंडून दोनच शब्द, "हो आई" आणि "बरं आई". माझा आवाज हा असा, लिलावात ओरडून ओरडून कमावलेला. मी साधं "मीठ कुठं ठेवलंस" विचारलं तरी शेजारची कुत्री उठून बसतात. आणि माझं स्वयंपाकघर म्हणजे, डोळे बांधले तरी मी हळद काढून दाखवीन. तिने डबा इकडचा तिकडे ठेवला की मी तो उचलून परत जागेवर ठेवायची. भांडण नाही हो, फक्त ठेवायची. ती बघायची आणि बाहेर जाऊन माशांसमोर बसायची.

मग एकदा मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आये, आगरदांड्याला एक खोली बघितलीय." मुलगा आगरदांडा-दिघी फेरीबोटीवर कामाला आहे. "फेरीची जेटी जवळ पडंल म्हणून," तो म्हणाला. जेटी जवळ! आमच्या घरापासून जेटी मोटरसायकलने इतकी जवळ, की घरी केलेला चहा तिथे जाऊन गरम पिता येईल. मी काय दूधखुळी आहे? मी म्हटलं, "बघ बाबा तुझं तू," आणि ताट उचललं. पण जीव तुटला माझा. नवरा निम्मा महिना पाण्यावर, एकुलता मुलगा जाणार, आणि ही पोर, जी मला मनातून आवडत होती, ती माझ्यामुळे जाणार. मला ती घरात हवी होती. हे बोलून दाखवायचं कसं, ते मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिने अलिबागच्या दुकानातून एक नवीन मासा आणला, पिवळ्याधमक रंगाचा. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, हळूहळू पेटीतलं पाणी त्यात घातलं, मग त्याला सोडलं. सगळं अगदी रीतसर. पण पेटीत एक मोठा निळा होता, तो तिथला पाटील. त्याने या पिवळीला पहिल्या दिवसापासून पळता भुई थोडी केली. खायला गेली की धडक, दगडाआड लपली की धडक. बिचारी वरच्या कोपऱ्यात, त्या पाणी ढवळणाऱ्या नळीमागे, अंग चोरून उभी राहायची.

तिचा डोळा सगळ्यांत आधी मीच बघितला. बघणारच. माझा सगळा धंदा डोळ्यावर चालतो. गिऱ्हाईक ओट्यावर आलं की मी आधी गालफडं उघडून आतले लाल कल्ले दाखवते, मग म्हणते, "डोळं बघा, ताई, डोळं!" डोळा स्वच्छ तर मासा ताजा, डोळा दुधाळ तर शिळा. आणि पिवळीचा एक डोळा दुधासारखा पांढरा होऊन बाहेर आला होता. त्यात ओट्यावर एक नेहमीची गिऱ्हाईक उभी. तिने दारातून आत बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, तुझ्या तर घरातला जिवंत मासा पण शिळा!" ओट्यावरच्या सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी आत जाऊन सुनेला म्हटलं, "हिला आधी दारासमोरून हलव. माझ्या ओट्याची अब्रू जाते."

ती "बरं आई" म्हणाली. डोळे भरले होते तिचे. पिवळीला तिने एका बादलीत काढलं, मागच्या पडवीत सावलीला ठेवलं, आणि हवेची छोटी नळी सोडली. तिथेही ती मासळी एका कडेला तोंड करून उभी.

मला राहवेना. आमच्यात बोटाला कोयता लागला, काटा रुतला, की आधी हात समुद्रात बुडवायचा. खाऱ्या पाण्याने जखम भरते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. सून आंघोळीला गेली तशी मी खाली किनाऱ्यावर जाऊन कळशीभर स्वच्छ समुद्राचं पाणी आणलं आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त बादलीत ओतलं. माशाला समुद्राचं पाणी, यात चुकायचं काय? पिवळी आधी तडफडली, मग आडवी झाली.

तेवढ्यात सून केस पुसत आली. "आई! काय केलंत तुम्ही!" अशी ओरडली, की झाडावरचे कावळे उडाले. "गोड्या पाण्यातला मासा आहे तो! एकदा विचारायचं तरी मला! या घरात सगळं तुम्हालाच कळतं का?" बोलता बोलता तिने पिवळीला जाळीत घेतलं, पेटीतलं पाणी दुसऱ्या बादलीत भरलं, आणि तिला त्यात सोडून बादलीशी उकिडवी बसली. मी कळशी हातात घेऊन तशीच उभी. माझ्या सासूनंतर माझ्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं.

मला राग यायला हवा होता. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, हाय गं बाई, जीव हाय हिच्यात! इतके महिने घरात सावली फिरत होती, आज माणूस दिसलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "सून बोलली वाटतं तुला?" मी म्हटलं, "व्हय, बोलली. तुझी बोलते का कधी?"

पिवळी सावरली. हळूहळू सरळ झाली. तेव्हा मी सुनेशेजारी बसले आणि विचारलं, "मग आता करायचं काय?" तिने सांगितलं. डोळ्याला हात लावायचा नाही. मीठ चालतं, पण साधं खडेमीठ, मोजून चमचाभर, विरघळवून, कळशी ओतून नव्हे. खरं औषध म्हणजे स्वच्छ पाणी. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, त्यात नगरपालिका टाकते त्या औषधाचा वास उडू द्यायचा, आणि रोज बादलीतलं थोडं काढून थोडं घालायचं. उजेड कमी ठेवायचा. मी माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा बादलीवर टाकला. पाणी भरून ठेवायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

सकाळी लिलावातून आले की सून मला पडवीत बोलवायची. "आई, बघा ना. तुम्हाला डोळ्यातलं कळतं." मग मी लुगडं बाजूला करून बघायची. आयुष्यभर मी ताजा डोळा शिळा होताना बघितलाय. हा पहिला डोळा, जो शिळ्याचा ताजा होत होता. आधी फुगवटा उतरला. मग पांढऱ्याच्या कडेने जरासं काळं दिसायला लागलं. एका सकाळी मी ओरडले, "अगं, बुबूळ दिसतंय!" आणि दोघी एकमेकींकडे बघून हसलो. शेवटी बारीकसा पांढरा ठिपका राहिला, तांदळाच्या कणीएवढा, पण पिवळी दाणा टाकला की त्याच बाजूने झडप घालायची. म्हणजे दिसत होतं.

मला वाटलं, झालं, आता पेटीत सोडायची. सून म्हणाली, "अशीच सोडली तर निळा दुसरा डोळा फोडेल." आणि तिने निळ्यालाच बाहेर काढून बादलीत ठेवला. मग हात घालून पेटीतले सगळे दगड काढले, फुटकं मडकं काढलं, आणि मोरीत धुवायला बसली. मी विचारलं, "दगडांनी काय केलं?"

"दगड त्याचे आहेत ना," ती म्हणाली. "निळा वाईट नाही, आई. त्याला फक्त वाटतं, हे सगळं माझं. कोपरा न कोपरा त्याच्या ओळखीचा. कुणी नवीन आलं की त्याला भीती वाटते, म्हणून तो मारतो. सगळं हलवून वेगळं लावलं, की तोही नवा आणि तीही नवी. मग मारायच्या आधी त्याला स्वतःचंच घर शोधावं लागतं."

मी तिच्याकडे टक लावून बघितलं. टोमणा मारतेय का? नव्हती मारत. दगड घासत होती, कपाळावर आलेले केस दंडाने मागे सारत होती. टोमणा असता तर मी दहा परत दिले असते.

तिने दगड उलटसुलट रचले, मडकं दुसऱ्या टोकाला ठेवलं. आधी पिवळी सोडली, मग दोन-चार दिवसांनी निळा. निळा सरळ आपल्या जुन्या दगडाच्या जागी गेला. तिथे दगडच नाही! हा वळला, पुन्हा आला, पुन्हा बघितलं. पिवळीला एकदा-दोनदा रेटलं त्याने, पण मन नव्हतं त्यात. संध्याकाळपर्यंत तो डाव्या कोपऱ्यात, ती मडक्यात.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरची मासळी लवकर संपली. मी हात धुतले, स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले आणि फळीवरचे सगळे डबे खाली काढायला लागले. मसाले, डाळी, सुकटीची बरणी, सगळं. नवरा कालच बोटीवरून आलेला, झोपेतून उठून दारात आला. "काय गं, उंदीर शिरला काय?"

"तुम्ही झोपा," मी म्हटलं.

सून धावत आली. जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. "काय शोधताय, आई?"

माझं चुकलं, असं मी म्हटलं नाही. आजही म्हणणार नाही, माझं तोंडच तसं वळत नाही. मी म्हटलं, "वरच्या फळ्या तू लाव. खालच्या मी लावते. कुठं काय ते मला इचारायचं न्हाय."

तिने पदर खोचला आणि मसाल्याचा डबा खिडकीपाशी ठेवला. खिडकीपाशी! उन्हात! माझा हात शिवशिवला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

आमचं अजून अर्धंही झालं नव्हतं, तोच मुलगा फेरीबोटीवरून आला. पसारा बघून दारातच थांबला. चहा मागितला. चहाची पूड सापडली, साखर काही सापडेना. तो भिंतीला टेकून म्हणाला, "खोलीवाल्याचा फोन आलेला. उद्या चावी देतो म्हणतोय. काय सांगू त्याला?"

मी खाली मान घालून डाळीचा डबा पुसत राहिले. वरून, फळीत डोकं घातलेल्या सुनेचा आवाज आला, मोठा, स्पष्ट.

"सांगा त्याला, नको म्हणून. आमचं इथलंच अजून लावून व्हायचंय. आई, साखर तुमच्या बाजूला असेल, बघा ना."

मी बघायला लागले. डोळे भरून आले होते, डबे काही दिसत नव्हते. हाताला लागेल तो उघडत गेले.