बंबातलं जायफळ

आमच्या सुनेने तीन महिन्यांपूर्वी घरात एस्प्रेसोचं मशीन आणलं, तेव्हा पहिलं वाक्य मीच बोललो. "एवढ्याशा काळ्या पाण्यासाठी एवढा मोठा बंब?" तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. छडी कधी उचलली नाही, टोमण्यावरच काम भागायचं. ती सवय काही माझ्याबरोबर निवृत्त झाली नाही. सून कशीबशी हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून आपला कप घेऊन एकटीच बाल्कनीत बसू लागली. मशीन तिने स्वतःच्या पगारातून, हौसेने घेतलेलं. कळत होतं मला. तरी रोज सकाळी "काय, पेटला का बंब?" विचारायचोच. जिभेला हाड नाही, दुसरं काय!

आता खरं सांगतो. त्या वासाने मी वेडा झालो होतो. सकाळी तो दरवळला की हातातला चहा मला भांडी विसळल्याच्या पाण्यासारखा लागायचा. पण कॉफी मागायची कुठल्या तोंडाने?

मग चुलतबहिणीच्या लग्नासाठी ती चार दिवस माहेरी, धायरीला गेली. मुलगाही बरोबर गेला. बायको भिशीला. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये उरलो मी आणि बंब.

कॉफी कशी करतात हे मला कोणी शिकवायला नको. कॉफी, दोन चमचे साखर आणि जायफळ. जायफळ नसेल तर तिला आमच्याकडे काढा म्हणतात. सून दांड्याच्या जाळीदार वाटीत पूड दाबून भरते, हे मी पेपराआडून पाहून ठेवलं होतं. मी पूड भरली, साखर घातली, वर सढळ हाताने जायफळ किसलं आणि सगळं बत्त्याने चांगलं ठेचून बसवलं. दांडा मशीनला अडकवून बटण दाबलं.

घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. दाबाचा काटा सरसर वर चढला. कपात मात्र थेंब नाही. अडलंय कुठे ते बघावं म्हणून मी दांडा फिरवला, आणि फाडकन सगळा चिखल माझ्या बनियनवर, टाइल्सवर आणि कालनिर्णयाच्या जागी टांगलेल्या डेअरीच्या कॅलेंडरवर उडाला. त्यानंतर मशीन नुसतं कण्हायचं. साधं पाणीही सोडेना.

बायको आली. "अहो, हे काय?"

"कॉफी."

"कुठाय?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. ती आधी पोट धरधरून हसली. मग हसू आवरत म्हणाली, "तुम्ही मुद्दाम मोडलंत असं वाटेल हो तिला."

खरंच की! तीन महिने ज्या वस्तूला नावं ठेवली, ती माझ्या हातून चुकून बिघडली हे कोण मानणार? मी स्वतः मानलं नसतं. पोर आधीच बाल्कनीत जाऊन बसली होती. आता आणखी कुठे जाऊन बसेल?

दुरुस्तीवाला म्हणाला, आठ दिवसांनी येतो. मग मीच मोबाइलवर दुरुस्तीचा व्हिडिओ लावला आणि ओट्यावर डोकं टेकवून मशीनच्या खालून वर पाहिलं. एक स्क्रू होता. तो काढल्यावर वरची चाळणी निघाली. तिच्या भोकाभोकांत साखरेचा पाक कडक होऊन बसला होता. ती गरम पाण्यात भिजवली, जुन्या टूथब्रशने घासली, एकेक भोक टाचणीने मोकळं केलं. चाळणीमागची रबरी रिंग हातातच तुटली. ती घेऊन कुकरच्या दुकानात गेलो.

"किती लिटरचा कुकर?" दुकानदार.

"कुकर नाहीये."

"मग कुकरच्या दुकानात काय काम काढलंत?"

निमूट ऐकून घेतलं. स्वतःवर आल्यावर कळतं, टोमणा कसा लागतो ते! चौथ्या दुकानात मापाची रिंग मिळाली. तिसऱ्या दिवशी मशीनमधून स्वच्छ, गरम पाण्याची धार आली, तेव्हा आम्ही नवराबायकोने ओट्यापाशी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

रविवारी सून आली. बॅग ठेवली आणि आधी कॉफी केली. एक घोट घेतला. थांबली. कप नाकाशी नेला.

"बाबा, जायफळ?"

माझा धीरच सुटला. "मी बिघडवलं गं. दुरुस्त केलंय, पण आधी बिघडवलं. आईशप्पथ, मुद्दाम नाही! मला... मला प्यायची होती." आणि जायफळापासून कुकरच्या दुकानापर्यंत सगळं ओकून टाकलं.

माहेराहून आली की दोन दिवस तिच्या बोलण्यात धायरी असते. "मुद्दाम नाय, ठाव हाय मला," ती म्हणाली. "मोडायला निघालेला माणूस दोन चमचे साखर कशाला घालंल?"

मी चष्मा पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकाट्याने पेपर वाचत होतो. बंबाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बाल्कनीत खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. पाहिलं तर दोन खुर्च्या होत्या, आणि कठड्यावर दोन कप, त्यातल्या एकाशेजारी साखरेचा डबा.

"बाबा," तिने हाक मारली, "बंब पेटलाय. येताय ना?"