दाफिनाचे वीस चेहरे

आमच्या सेव्हलिएव्हो गावच्या बसस्टँडवर दाफिना एकतीस वर्षं तिकीट खिडकीत बसली. मी त्याच स्टँडचा ड्रायव्हर, राहायलाही तिच्याच इमारतीत, त्यामुळे तिचा स्वभाव मला पुरता ठाऊक. खिडकीतून ती आधी माणसाचा चेहरा बघायची, मग त्याचं गाव विचारायची. "हा आज सासुरवाडीला भांडून आलाय," असं मला हळूच सांगायची, आणि ते खरं निघायचं. पुढे तिकिटाचं मशीन आलं, खिडकी बंद झाली. घरी बसून बाईला वेड लागेल असं मला वाटत होतं, तर तिने रंग आणले.

नुसते आणले नाहीत, वर जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "आपल्या इमारतीतले वीस चेहरे काढणार. नाताळच्या आत. जमले तर वाचनालयाच्या हॉलमध्ये लावेन, नाही जमले तर ब्रश कचऱ्यात." कुणी सांगितलं होतं का तिला? कुणीही नाही. स्वतःशीच पैज. स्वयंपाकघरातल्या जुन्या कपाटांची प्लायवूडची दारं कापून ती त्यावर रंगवायची.

पहिला चेहरा झ्लात्काचा. झ्लात्का तिच्या समोरच्या दारात राहते, बालवाडीपासूनची मैत्रीण. "मेतोदीभाऊ," दाफिना मला म्हणाली होती, "झ्लात्का माझ्याशी खोटं बोलणार नाही. ती नको म्हणाली तर मी इथेच थांबेन."

चित्र दाखवलं तेव्हा मी तिथेच कॉफी पीत होतो. झ्लात्काने दोन्ही हात गालांवर ठेवले, डोळ्यांत पाणी आणलं. "अगं बाई! ही तर मीच की गं! पलंगाच्या वर लावते, मरेपर्यंत काढायचं नाही."

त्या चित्रात झ्लात्का चांगलीच वयस्कर आणि जराशी लबाड दिसत होती. म्हणजे आहे तशी. पण मला कोण विचारतंय!

दुसरा चेहरा माझा. मी पडलो फटकळ. "नाकाच्या जागी बटाटा लावलायस," म्हटलं, "आणि हे कान कुणाचे आणलेस?" तिचं तोंड एवढंसं झालं. "झ्लात्काला तर आवडलं," एवढंच म्हणाली, आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मला राग आला, पण आतून बरंही वाटलं. अख्ख्या इमारतीत खरं बोलणारा एकटा मीच, असा तोरा होता मला.

नोव्हेंबर आला, कोबी मुरत घालायचे दिवस. तळघरात ज्याचं त्याचं पिंप. त्यात कोबीचे गड्डे, मिठाचं पाणी, वर फळी, आणि गड्डे बुडून राहावेत म्हणून फळीवर नदीतला मोठा दगड. झ्लात्काचा उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. "मेतोदीभाऊ, एवढा दगड ठेवा हो," तिने हाक मारली. मी गेलो. फळी आधीच टाकलेली होती, पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून. आतून चित्रातली झ्लात्काच वर बघत होती.

"अगं, हे तर..."

"माप अगदी बरोबर बसलं," ती म्हणाली. "जुनी फळी तडकली. आणि भिंतीवर काय लावू, डोंबल? चेटकीण करून ठेवलीय माझी! तिला सांगू नका हं. मन मोडेल बिचारीचं."

मी दगड उचलला आणि ठेवला. बरोबर कपाळावर. का नाही सांगितलं दाफिनाला? ती तेव्हा नवव्या चेहऱ्यावर होती, गुणगुणत जिना चढायची, ते मोडवेना. आणि खोटं कशाला बोलू, माझं नाकही दुखावलं होतं. बटाटा काढणारीला बरी अद्दल घडली, असंही वाटलं.

डिसेंबरात झ्लात्काची मुलगी तिकडे वार्ना शहरात बाळंत झाली. ही धावतपळत निघाली. पिंपातलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी खालच्या नळातून काढून वरून पुन्हा ओतावं लागतं, नाहीतर कोबी सडतो. जिना उतरता उतरता तिने तळघराची किल्ली दाफिनाच्या हातात कोंबली. जन्मभराची सवय! कोबीची एवढी काळजी, पण फळीची आठवणच नाही.

त्या दुपारी मी माझ्या पिंपापाशी होतो. दाफिनाने नळाखाली बादली लावली, तोवर वरचं झाकण काढलं. आतल्या फळीकडे बघतच राहिली. बादली भरली, वाहायला लागली, तरी ती जागची हलेना. शेवटी मीच जाऊन नळ बंद केला.

"पलंगाच्या वर लावलंय म्हणाली होती," दाफिना म्हणाली. "बघायला येते म्हटलं की म्हणायची, खोली आवरलेली नाही."

"जाऊ दे गं. तिला काय कळतंय."

"तिच्या शब्दावर मी सतरा चेहरे काढले, मेतोदीभाऊ. तुम्ही बटाटा म्हणालात तेव्हा मी थांबले नाही, कारण ती होती."

तिने दगडाला दोन्ही हात घातले, जोर लावला. दगड हलला नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं, तिकीट खिडकीतून बघायची तसं.

"तिचा हात प्लास्टरमध्ये होता. हा कुणी ठेवला?"

एवढा मी फटकळ, पण नजर बाजूला वळवून नळाकडे बघू लागलो.

"तुम्ही तर खरं बोलता ना?"

"मी ठेवला," म्हणालो.

तिने बादलीतलं पाणी दगडावरून नीट ओतलं, झाकण लावलं, फरशी पुसली. शिव्या घाल गं, बादली डोक्यात घाल, असं मला होत होतं. दुसऱ्याच्या कोबीवर राग काढणारी बाई नव्हती ती. पुढचे दोन आठवडे मी रोज कचऱ्याचा डबा बघत होतो. ब्रश काही सापडले नाहीत.

नाताळच्या आधी हॉलमध्ये चेहरे लागले. पहिला खिळा रिकामा, खाली नुसतं झ्लात्काचं नाव. वार्नाहून परतलेली झ्लात्का सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझं घरी आहे हो, पलंगाच्या वर!"

"माहीत आहे," दाफिना म्हणाली. "दर तीन दिवसांनी मी पाणी ओतत होते त्याच्यावर."

झ्लात्का लालभडक झाली. मी हसायला लागलो, आणि माझी नजर दुसऱ्या खिळ्यावर गेली. बटाटा नव्हता. चित्र नवं होतं. नाक माझं, कानही माझेच. डोळे मात्र बाजूला वळलेले, समोरच्याची नजर चुकवणारे.

दाफिना शेजारी येऊन उभी राहिली. "आता सांगा मेतोदीभाऊ, काय चुकलंय?"

सगळे ऐकत होते. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काही नाही," म्हणालो. "हुबेहूब आहे."