गोठ्यातला कानतुटका कप

रतिलालआप्पा काही पिक्चर बघून रडणारे गडी नव्हेत. पण सुरतेहून सुट्टीला आलेल्या लेकीनं, रंजितानं, टीव्हीवर एक जुना अमेरिकन पिक्चर लावला आणि आप्पांची पंचाईत झाली. हिंदीत बोलणारा होता, त्यामुळे सगळं कळत होतं. गोऱ्यांच्या गावात खून होतो. पुरावा काडीचा नाही, तरी स्टँडवर बसलेल्या परक्या काळ्या माणसाला शिपाई उचलतात. "पन देखं कोनी त्याले?" आप्पा टीव्हीशीच भांडायला लागले. हॉटेलवाल्यानं त्या माणसाचा उष्टा पेला फोडला, तेव्हा तर त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

"आप्पा, आज नवलसिंग दिसना नही," रंजितानं विचारलं. नवलसिंग म्हणजे सातपुड्यातल्या धडगावकडचा पावरा आदिवासी, सहा वर्षांपासून यांच्या शेतावर सालानं राबणारा सालदार.

"चौकीत शे. विहीरवरनी मोटरनी केबल चोरी त्यानी. दुपारी मीच नाव सांगं."

"तुम्ही देखं?"

"देखाले कशाले पाहिजे? डोंगरमधला मानूस तो..."

वाक्य तिथंच अडलं. मग आपण कोण, तो शिपाई? छे, आपण तर काळ्याच्या बाजूनं रडलो. पण केबल तर गेलीच ना? आप्पांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

सकाळी चौकीत जाऊन त्यांनी सांगितलं, मी काही पाहिलं नाही, नुसता संशय होता. हवालदार हसला. "काल तर छाती ठोकीसन सांगं व्हतं." आप्पांना मान वर करवेना. नवलसिंगला मोटारसायकलवर मागं बसवून त्यांनी घरी आणलं. सालदाराची माफी कशी मागतात, हे आप्पांना कुणी शिकवलंच नव्हतं.

घरी आप्पांच्या बायकोनं, गजराबाईंनी, चहा टाकला. नवलसिंग नेहमीसारखा गोठ्याकडे वळला. तिथल्या कोनाड्यात त्याचा वेगळा कप असतो, कान तुटलेला. चहा पिऊन नवलसिंगनं तो धुऊन परत तिथंच ठेवायचा. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेला तो कप आप्पांना आज दिसला. हॉटेलवाला निदान पेला फोडून मोकळा झाला, आपण तर जपून ठेवलाय.

"नवलसिंग, इकडे ये. ह्या कपमा पी," घरातली कपबशी पुढं करत आप्पा म्हणाले.

नवलसिंगचा चेहराच उतरला. काल शिपाई न्यायला आला तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"पाटील," तो हळूच म्हणाला, "आते काय चुकनं मन्हं?"